गेन कमी केला आणि विमानं दिसू लागली

विमानांची १०९० मेगाहर्ट्झवरची एडीएस-बी पॅकेट (विमान आपली जागा नि उंची सांगत सोडतं ते रेडिओ संदेश) घरी पकडायची म्हणून आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, घेतला. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) ४९.६ डीबी, म्हणजे पूर्ण. वॉटरफॉल (स्क्रीनवरचा सिग्नलचा सरकता आलेख) सगळा उजळलेला, पण ११२ बिटांचं एक पॅकेट धड डीकोड होईना. सीआरसी, म्हणजे पॅकेट बिनचूक आलं का ते तपासणारा आकडा, दर वेळी चुकायचा. अँटेना बदलली, केबल बदलली. दोन रविवार त्यात गेले.

मग समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरकडे लक्ष गेलं. त्याच्या ९०० मेगाहर्ट्झच्या दणदणीत सिग्नलने डोंगलचा अॅम्प्लिफायर गुदमरत होता. सिग्नलचे आकडे करणारा एडीसी आठच बिटांचा, त्यात दुबळ्या पॅकेटला जागाच उरत नव्हती. गेन २९.७ वर आणला. पार्श्वभूमी काळी पडली, मिनिटभरात पहिलं विमान नकाशावर आलं. नंतर १०९०चा बँडपास फिल्टरही लावला, म्हणजे बाकीच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा. तो आधीच घ्यायला हवा होता.