उन्हाळी कपड्यांतील या चुका टाळा

मार्च महिन्याच्या सुमारास मुंबई-दिल्लीच्या फॅशन वीकमधील छायाचित्रे फोनवर फिरू लागतात आणि पंधरवड्याच्या आत लातूरच्या माझ्या शिवणकामाच्या दुकानात तीच छायाचित्रे पुढे करणाऱ्या ग्राहकांची गर्दी होते. छायाचित्रांशी माझे भांडण नाही. चांगला कट आणि चांगला रंग दिसला की शिवणाऱ्यालाही हुरूप येतो. भांडण आहे ते घाईशी. रॅम्पवरचा पोशाख वातानुकूलित सभागृहात पाच मिनिटे घातला जातो. आपल्याला मात्र तो 42 अंशांच्या कोरड्या उन्हात, दुचाकीवर बसून, बोअरच्या पाण्याने धुऊन, दोन-तीन उन्हाळे वापरायचा असतो. कापड निवडताना याचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही, आणि मग दरवर्षी त्याच त्या चुका माझ्या टेबलावर दुरुस्तीसाठी येऊन पडतात.

यांतली सर्वांत मोठी चूक बाहेरून दिसत नाही, कारण ती अस्तरात असते. चंदेरी, महेश्वरी, कोटा डोरिया ही उन्हाळ्याची कापडे विरळ असल्यामुळे त्यांना अस्तर लावावेच लागते. वरचे कापड निवडायला ग्राहक दोन तास घेतात, तागे उलगडून घेतात, दारात नेऊन उजेडात रंग पाहतात. आणि अस्तराचा विषय निघाला की, “कोणतंही लावा ना ताई, आतच तर राहणार आहे,” असे म्हणून मोकळे होतात. आत राहणार आहे म्हणूनच ते कोणतेही चालत नाही. अंगाला लागते ते अस्तर, वरचे चंदेरी नव्हे. सुती कापड हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्क्यांपर्यंत धरून ठेवते, तर पॉलिस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते. हवेचे तापमान कातडीच्या तापमानापेक्षा वर गेले की शरीराला थंड होण्यासाठी घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी नेमके हेच घडते. अशा वेळी घाम टिपून न घेणारे चकचकीत अस्तर पाठीला चिकटून बसले, तर वरचे कापड कितीही महागाचे असले तरी त्याचा अंगाला काहीच उपयोग होत नाही.

बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका ग्राहक ताईंनी शहरातील एका मोठ्या दालनातून चंदेरीच्या तयार कुर्त्या घेतल्या होत्या. एप्रिल सुरू झाल्यावर त्यांच्या पाठीवर आणि कमरेभोवती घामोळ्या उठल्या. पावडर झाली, मलम झाले, आणि शेवटी “मला चंदेरी सोसत नाही” असा निष्कर्ष काढून त्या कुर्त्या बहिणीला देऊन टाकायला निघाल्या. बहिणीच्या मापाला कुर्ती आवळण्यासाठी त्या माझ्याकडे आल्या, म्हणून हे प्रकरण मला कळले. मी कुर्ती उलटी केली. आत गुळगुळीत पॉलिस्टरचे अस्तर होते, तेही बाह्यांच्या टोकापर्यंत, आणि बगलेत शिलाईच्या चार-चार घड्या एकावर एक आलेल्या होत्या. अस्तराचा एक धागा ओढून काडीपेटीच्या ज्योतीवर धरला, तर तो आक्रसून त्याची काळी कडक गोळी झाली. त्यांच्यासमोरच अस्तर उसवले आणि धुऊन आटवलेली मलमल लावून दिली. एवढी महाग कुर्ती उसवताना त्यांचा जीव वर-खाली होत होता, परंतु पुढच्या आठवड्यात त्या उरलेल्या कुर्त्या पिशवीत भरून घेऊन आल्या, आणि बहिणीचा विषय पुन्हा निघाला नाही.

अंगाला सूत लागले पाहिजे ही समज मराठवाड्यात नवी नाही. छत्रपती संभाजीनगरात हिमरू या कापडाच्या जोडीने मशरू नावाचे कापड विणले जात असे. त्यात रेशमाची झळाळी वरच्या बाजूला आणि सूत आतल्या, अंगाला लागणाऱ्या बाजूला राहील अशीच विणीची रचना असते. आपण मात्र वर सूत आणि आत प्लॅस्टिक, असा बरोबर उलटा कारभार करून ठेवला आहे.

माझी सवय अशी आहे की मी अस्तर आधी ठरवते आणि वरच्या कापडाचे बोलणे मागाहून करते. अस्तराला मलमल, कॅम्ब्रिक किंवा टू बाय टू यांपैकी एखादे पातळ सुती कापड घ्यावे. बाह्यांना अस्तर लावूच नये. आणि घेराकडे ते कुर्तीच्या काठापेक्षा चार बोटे वर थांबवावे. अस्तराचे माप वरच्या कापडापेक्षा किंचित कमी ठेवावे, म्हणजे बसता-उठताना येणारा ताण अस्तर सोसते आणि चंदेरीची वीण शिलाईपाशी फाकत नाही. काडीपेटीची चाचणी घरी करायला हरकत नाही, पण तिच्यावर संपूर्ण भिस्त ठेवू नये. रेयॉनही सुतासारखेच जळते, जळक्या कागदासारखाच वास देते आणि मऊ राख सोडते, त्यामुळे काही दुकानदार रेयॉनचा धागा जाळून “बघा, शुद्ध कॉटन” असे खुशाल दाखवतात. अशा वेळी धागा ओला करून ओढून पाहावा. सुताचा धागा ओला झाल्यावर अधिक चिवट होतो, तर रेयॉनचा सहज तुटतो. रेयॉन उन्हाळ्याला वाईट नसते, परंतु सुताच्या भावाने ते का घ्यावे?

खणाच्या बाबतीत हीच फसवणूक सर्रास होते. खण मूळचा कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, अरुंद पन्ह्याचा आणि चोळीपुरताच विणला जाणारा. वैशाली एस. या नावाने काम करणाऱ्या डिझायनर वैशाली शडांगुळे यांनी खणाचा सातत्याने वापर केला, आणि 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये, म्हणजे मापानुसार हाताने शिवलेल्या उंची पोशाखांच्या फॅशन सप्ताहात, संग्रह सादर करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर ठरल्या. तेव्हापासून खणाचे कुर्ते, जाकिटे आणि साड्या यांना आपल्याकडेही चांगलीच मागणी आली आहे. मात्र मोठ्या पन्ह्याचे, मीटरवर विकले जाणारे, धुतल्यावर सुरकुती न पडणारे जे स्वस्त कापड खण म्हणून मिळते, ते बहुधा पॉलिस्टर असते. त्याचा पूर्ण ड्रेस मे महिन्यात शिवू नये. हौस असेल तर योक (खांद्याजवळचा वरचा तुकडा) किंवा बाहीची पट्टी तेवढी त्याची लावावी.

आता दुसरी चूक, जिच्यामुळे माझा सर्वांत जास्त वेळ वाया जातो: कापड भिजवून न घेता शिवायला टाकणे. सुती आणि लिननचे कापड पहिल्या धुण्यात आटते, हे सर्वांना ठाऊक असते, पण ते आपल्या कापडाला लागू नाही अशी प्रत्येकाची समजूत असते. कापड 5 टक्के आटले, तर 42 इंच लांबीच्या कुर्त्याची दोन इंचांहून अधिक लांबी जाते. “एक इंच सैल शिवा, आटल्यावर बरोबर बसेल,” ही पळवाट मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. ती चालत नाही, कारण कापड ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने जास्त आणि बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या दिशेने कमी आटते. त्यामुळे कुर्ता आखूड होतो, पण घेर सैलच राहतो.

अक्षय तृतीयेच्या तोंडावर एका घरची मंडळी बस्त्यातील कापड घेऊन आली. नवरदेवाच्या भावांसाठी फिकट पिस्ता रंगाच्या लिननचे एकसारखे कुर्ते हवे होते आणि सोबत एका नामांकित डिझायनरच्या पोशाखाचे छायाचित्र होते. कापड रात्रभर भिजेल, सावलीत वाळेल, मग कापणी होईल, असे मी सांगितले. नवरदेवाच्या काकांना ते पटले नाही. “मास्तरीणबाई, कपडे शिवायचेत, डाळ भिजत घालायची नाही,” असे म्हणून त्यांनी कापड उचलले आणि रातोरात शिवून देणारा कारागीर गाठला. कुर्ते हळदीच्या दिवशी अंगावर चढले, हळदीने माखले, आणि लग्नातही तेच घालायचे असल्याने रात्री मशीनमध्ये गरम पाण्याने धुतले गेले. लग्नाच्या सकाळी तीच मंडळी माझ्या दारात उभी होती. कुर्ते गुडघ्याच्या बरेच वर आले होते, बाह्या मनगट सोडून मागे सरकल्या होत्या, आणि कॉलरमधले बकरम (आत घातलेले कडक कापड) जागच्या जागी राहून भोवतीचे लिनन आटल्यामुळे गळ्याभोवती लाटा उठल्या होत्या. खाली सोडायला मार्जिन होते अर्धा इंच. बाह्यांची दुमड उसवून थोडीफार लांबी काढली, पण कॉलरला उपाय नव्हता. दोघे भाऊ घरातल्या जुन्या नेहरू शर्टांवर मंडपात गेले, आणि खरे सांगायचे तर इतरांपेक्षा तेच बरे दिसत होते.

म्हणून कापड घरी आणल्याबरोबर घडी मोडून साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे, न पिळता सावलीत लांबीच्या बाजूने टाकावे, आणि थोडे दमट असतानाच उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करावी. अजरख या ठशांच्या छापील कापडाला आणि गडद निळीच्या कापडाला वेगळी बादली द्यावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून घ्यावे. अस्तर, पायपिंग आणि सुती लेसही सोबतच भिजवावी, नाहीतर धुतल्यावर काठ आक्रसतो आणि कापडाला झोळ पडतो. आटलेलेच कापड आहे असे गठ्ठ्यावर छापलेले असले तरी मी ते भिजवतेच. अडीच मीटर लागत असेल तर पाव मीटर जास्त घ्यावे. दोन दिवसांत कपडे हवे असतील, तर सुती कापडाच्या वाटेला जाऊ नये.

पांढऱ्याच्या वेडाबद्दलही थोडे बोलले पाहिजे. दरवर्षी ‘वर्षाचा रंग’ जाहीर करणाऱ्या पँटोन कंपनीने 2026 साठी ‘क्लाउड डान्सर’ नावाचा पांढरा रंग निवडल्यापासून हे वेड आणखी वाढले आहे. पांढरे, सैल, साधे लिनन म्हटले की मला गोव्याचे दिवंगत डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स आठवतात, आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ते कपडे गोव्याच्या समुद्रकाठी शोभतात, कारण तिथे पाण्याची ददात नाही. 2016 च्या उन्हाळ्यात ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे रोज धुवावा लागणारा पांढराशुभ्र पोशाख ही चैन आहे. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. त्याचा चिकट साका होऊन तो धाग्यांत बसतो आणि पांढरे कापड महिन्याभरात मळकट दिसू लागते. त्यावर लोक साबण आणखी वाढवतात, म्हणजे साकाही आणखी वाढतो. साबण कमी करून शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर टाकल्यास फरक पडतो. त्यापेक्षाही, कोरा, चिकू किंवा राखाडी रंग घ्यावा, किंवा धूळ लपवणारा बारीक छापा निवडावा.

गडद रंग उन्हाळ्यात पूर्ण वर्ज्य आहे, हाही एक गैरसमज आहे. 1980 मध्ये संशोधकांनी वाळवंटातील बेदुइन लोकांच्या काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची तुलना केली, तेव्हा कपडे सैल असल्यामुळे दोन्हींत कातडीपर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच आढळली. आपल्या आज्या गडद इरकल नेसून भर उन्हात खुरपायला जात, तेही सैल आणि सुती असल्यामुळेच जमत होते. घट्ट काळी जीन्स घालून कोणी याचा दाखला देऊ नये.

बाकीच्या चुकांवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेजवळचा घेर, घट्ट ठेवून “फिटिंग” मागू नये. हवा खेळते ती तिथूनच. बिनबाह्यांची कुर्ती दुचाकीवर घालायची असेल, तर वर सुती सनकोट हवा, नायलॉनचा नव्हे. तोंडाला बांधायचा स्कार्फ जॉर्जेटचा घेऊ नये. साधा सुती पंचा त्याच्यापेक्षा चांगला. खळ पातळच द्यावी, कडक खळीने विणीतील छिद्रे बुजतात. घामाचे कपडे रात्रभर बादलीत कोंबून ठेवू नयेत.

राहिल्या चपला. जून 2025 मध्ये मिलानच्या पुरुष-फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या, त्यावरून इकडे गदारोळ झाला आणि प्राडाला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. या गाजावाजानंतर लिननखाली कोल्हापुरी घालण्याची टूम आमच्याकडेही आली, आणि तिच्यासोबत एक चूकही आली: नवी कोरी जोडी थेट लग्नाच्या दिवशी पायात चढवणे. दुपारपर्यंत अंगठ्याला आणि टाचेला फोड आलेले असतात आणि वऱ्हाडी लंगडत पंगतीला बसतात. जोडी महिनाभर आधी घ्यावी, पट्ट्यांना आणि तळाला रात्री एरंडेल किंवा खोबरेल चोळून ठेवावे, सकाळी फडक्याने पुसून घरातल्या घरात थोडा वेळ घालावी, आणि पाण्यापासून दूर ठेवावी. पुसायचा आळस केला, तर तेलाचे डाग पायजम्याच्या मोहरीला लागतात. ते काढून मागायला कोणी माझ्याकडे येऊ नये, ते काम लाँड्रीवाल्याचे आहे.