किशोरवयीन मुलांना पाणी पिण्याची सवय कशी लावावी

तेरा-चौदा वर्षांच्या मुलामागे दिवसभर "पाणी पी" म्हणून लागलं, की ते हमखास प्यायचं थांबतं. त्यामुळे तो मार्ग सोडून द्या.

१. आधी परत आलेली बाटली बघा. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच येत असेल तर कारण विचारा, पण ओरडू नका. बऱ्याचदा उत्तर एकच असतं: शाळेतलं स्वच्छतागृह घाण आहे, कडी लागत नाही, किंवा तासाला सोडत नाहीत. मग मुलं, त्यातही मुली, जायलाच लागू नये म्हणून पाणी टाळतात. कमी पाणी आणि तासन् तास दाबून धरलेली लघवी यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो, बद्धकोष्ठताही वाढते. इथे मुलाला उपदेश करून काही होत नाही. वर्गशिक्षकांशी बोलावं लागतं. माझ्या मते बाकीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा ही मोठी.

२. पेले मोजायला लावू नका. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या हिशेबाने १४ वर्षांपुढच्या मुलांना दिवसाला अडीच लिटर आणि मुलींना २ लिटर पाणी लागतं, पण त्यात दूध, फळं, जेवण यांतलं पाणीही धरलेलं आहे. उन्हाळ्यात आणि खेळाच्या दिवशी गरज वाढते. मुलाला एवढंच सांगा, की लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. (ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंग तसाही भडक पिवळा दिसतो.)

३. पाणी ठरलेल्या कामांना जोडा: दात घासल्यावर, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, जेवताना. मोबाइलवरच्या आठवणीच्या घंटेपेक्षा हे जास्त टिकतं.

४. खेळायला जाण्याआधी पाणी प्यावं, खेळताना दर १५-२० मिनिटांनी चार घोट घ्यावेत. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळला असेल तर चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घातलेलं लिंबूपाणी चालेल. पैजेवर बाटल्या रिचवणं मात्र धोक्याचं, कारण थोड्या वेळात खूप पाणी पोटात गेलं की रक्तातलं सोडियम घटतं.

५. तहानेला कोला नको. ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते. कॅफीनवाली एनर्जी ड्रिंक्स तर या वयात नकोच.

६. बाटली रोज घासा. झाकणातली रबरी रिंग काढून बघा. तिथे काळपट चिकटा धरतो, आणि "पाण्याला वास येतो" ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

सवय न लावताच मूल अचानक घटाघटा पाणी पिऊ लागलं, रात्री लघवीला उठू लागलं आणि वजनही उतरलं, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातली साखर तपासून घ्या. टाइप १ मधुमेहाची सुरुवात अशीही होते.