तुरुंगातल्या शिक्षेला आव्हान देताय? या चुका टाळा

तुरुंगातले नियम मोडले म्हणून तुरुंग प्रशासनाने कैद्याला दिलेल्या शिक्षेविरुद्ध रिट, म्हणजे उच्च न्यायालयात थेट आव्हान देणारी याचिका, दाखल करणारे तरुण वकील पुन्हा पुन्हा एकाच जागी अडखळतात. याचिकेची पहिली दहा पानं 'तो निर्दोष आहे' हे सांगण्यात जातात. मोबाइल त्याचा नव्हता, भांडण दुसऱ्याने काढलं. अशा याचिका राज्यघटनेच्या कलम 226 खाली येतात आणि तिथे उच्च न्यायालय अपील ऐकायला बसलेलं नसतं. पुरावा ते सहसा नव्याने तोलत नाही, निर्णय कसा झाला ते बघतं. नोटीस दिली का, म्हणणं ऐकलं का, कारणं लिहिली का?

काही वर्षांपूर्वी कायदेशीर मदतीतून माझ्याकडे एक प्रकरण आलं. संचित रजेवरून (कैद्याला ठरावीक दिवस घरी जायला मिळणारी सुट्टी, फर्लो) उशिरा परतला म्हणून एकाची माफी, म्हणजे शिक्षेत मिळालेली दिवसांची सूट, कापली होती. आईच्या आजारपणाचे कागद घरच्यांनी पिशवी भरून आणले होते आणि आधीच्या वकिलाने त्यांवरच याचिका उभी केली होती. मी शिक्षेच्या आदेशाची प्रत मागितली. ती कोणाकडेच नव्हती! हाती आली तेव्हा दिसलं, की कारणे दाखवा नोटीस आणि आदेश, दोन्हींवर एकच तारीख. उत्तर द्यायला त्याला एक रात्रही मिळाली नव्हती. याचिका चार पानांत नव्याने लिहिली आणि आदेश रद्द झाला. पण तोवर त्याच्या सुटकेची खरी तारीख उलटून गेली होती. ते दिवस त्याला कोण परत देणार? मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून प्रत हाती आल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही. आधी एका कागदावर तारखा उतरवतो: घटना, नोटीस, उत्तर, आदेश, आणि सत्र न्यायाधीशांना कळवल्याची तारीख.

ही शेवटची तारीखच बहुतेक जण विसरतात. तिहारमधल्या सुनील बत्राने दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यावर डिसेंबर 1979 मध्ये निकाल आला: एकांत कोठडी, सवलती काढून घेणं किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणं, यांतलं काहीही सत्र न्यायाधीशांच्या तपासणीशिवाय करायचं नाही. तातडीच्या प्रसंगी आधी कळवणं जमलं नाही, तर दोन दिवसांत कळवायचं. हा मुद्दा याचिकेच्या पहिल्या पानावर हवा. तो मला परिशिष्टात सापडतो तेव्हा राग येतो, कारण घाईने मसुदा उरकल्याचं ते लक्षण असतं.

बत्राचे निकाल दोन आहेत. 1978 चा फाशीच्या कैद्याच्या एकांतवासाबद्दलचा आहे. नाव बघून भलताच उतारा जोडू नका.

1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 46 मधले 'सेप्रेट' आणि 'सेल्युलर' बंदिवास एक नव्हेत. पहिल्याची कमाल मुदत तीन महिने, पण त्यात रोज किमान तासभर व्यायाम आणि कोणाबरोबर तरी जेवण मिळतं. दुसऱ्यात इतरांशी बोलणं पूर्ण बंद, आणि मुदत 14 दिवस.

याच कायद्याच्या कलम 51 प्रमाणे तुरुंगात घडलेल्या गंभीर गुन्ह्यात साक्षीदारांची नावं शिक्षेच्या नोंदवहीत लिहावी लागतात. त्या पानाची प्रत मागा.

घरच्यांनी मुलाखतीच्या दिवशी त्याला एवढंच विचारावं: नोटीस कोणत्या दिवशी हातात दिली, आणि अंगठा घेण्याआधी ती वाचून दाखवली का?