म्हातारं तट्टू वाळतंय? आधी दाढा बघा

तट्टू विशीपार गेलं आणि बरगड्या दिसू लागल्या की पहिला हात हरभऱ्याच्या पोत्याकडे जातो. थांबा. गव्हाणीखाली अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले बोळे पडलेत का? मग दाढांचंच दुखणं. पशुवैद्याकडून दाढा घासून घ्या, जंतांसाठी लीदही तपासा.

200 किलोच्या तट्टूला दिवसाला 3 ते 4 किलो कोरडा चारा लागतो. लसूणघासाची बारीक कुट्टी किंवा चाऱ्याच्या गोळ्या तिप्पट पाण्यात तासभर भिजवा. चिमटीत दाबल्यावर लगदा झाला पाहिजे. कोरड्या गोळ्या घशात अडकतात. दिवसातून चारदा, थोडं थोडं. नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर भागवू नका, त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी. सोयाबीन तेल 2 चमच्यांपासून वाढवत दोन आठवड्यांत 100 मिलीवर न्या.

मुंबईच्या दमट हवेत भिजवलेलं काही तासांत आंबतं, उरलेलं सरळ फेका. पावसाळ्यात बुरशीचा वास येणारं गवत फुकट मिळालं तरी नको, पोटशूळ उठतो.

अंगावरचे लांब केस गळत नसतील तर धान्य वाढवण्याआधी कुशिंगची (म्हाताऱ्या घोड्यांना होणारा संप्रेरकांचा आजार) रक्ततपासणी करून घ्या, नाहीतर खुरांना आतून सूज येऊन तट्टू लंगडायला लागेल.