सलाईन मागणाऱ्या पेशंटला आधी दोन प्रश्न विचारा

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनो, ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत ओपीडीत कुणी येत नाही. ‘हातपाय गळाले’, ‘डोकं भणभणतं’, ‘जीव घाबरतो, एक सलाईन लावा’ हेच कानावर येतं. हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) तपासाच. पण रिपोर्ट येईपर्यंत मनाचं विचारायचं राहू देऊ नका.

गेल्या दोन आठवड्यांत मन उदास राहतं का? पूर्वी आवडायचं त्यात आता मन लागतं का? यातून संशय आला तर पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीचे नऊ प्रश्न घ्या. प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर नीट बसून बोला. सुनेमागे सासू उभी असेल तर सासूबाईंना केसपेपर आणायला पाठवा. खरं उत्तर त्यानंतरच मिळतं.

नववा प्रश्न गुळमुळीत विचारू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का? कसा, काही ठरवलंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना हायसं वाटतं. ठरवलेलं असेल तर एकट्याला घरी सोडू नका, जिल्हा रुग्णालयाला फोन लावा. आमच्याकडे कापसाच्या हंगामात घराघरात फवारणीचं औषध असतं. ते त्याच दिवशी हलवायला नातेवाइकांना सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर केसपेपरवर लिहून द्या. फोन मोफत आहे.

नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी एक विचारा: कधी झोप न घेताही अंगात भलताच उत्साह, वारेमाप खर्च, असे दिवस आले होते का? ‘हो’ असेल तर तो बायपोलर (कधी उदासी, कधी अति उत्साह) आजार असू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. नसेल तर फ्लुओक्सेटिन २० मिग्रॅ, सकाळी. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होते. औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी पट्टी कोनाड्यात जाते. नुसती अल्प्राझोलाम ही घाबरेपणावरची, झोप आणणारी गोळी देऊन पेशंट खूश होतो, झोपतोही. आजार मात्र तसाच राहतो आणि गोळीची सवय लागते. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. जीव द्यायचा विचार बोलून दाखवणाऱ्याला अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या जुन्या औषधाच्या महिनाभराच्या गोळ्या तर कधीच देऊ नका. जास्त घेतल्या तर हृदयावर बेततं.

पीएचक्यू-९ ची बेरीज ५ ते ९ असेल तर सहसा औषधाची घाई नको. झोप, चालणं, दारूची चौकशी आणि पुन्हा भेट.

पुढची तारीख बाजाराच्या दिवशी द्या, म्हणजे माणूस येतो. न आल्यास आशाताईंना निरोप द्या. बरं वाटल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवायचं. नीट घेऊनही सहा आठवड्यांत फरक नसेल तर डोस आणि तारखा लिहून जिल्हा रुग्णालयात पाठवा.