बेचिराख गावाचा इतिहास कसा शोधायचा: सातारा-सांगलीपुरतं

उजाड गावाबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "प्लेगात उठलं." असेलही, पण शोधाची सुरुवात तिथून करू नका. आधी गाव कागदावर सापडू द्या.

वस्ती गेली तरी महसुली गाव बहुधा शिल्लक असतं. सातबारे चालूच राहतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुक्याची गावं बघा, ओसाड गावांचीही नोंद तिथे असते. मग तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून गावनकाशा आणि आकारबंदाची (गट-सर्व्हे नंबरवार क्षेत्र व आकारणीच्या नोंदवहीची) नक्कल घ्या. नकाशावर जुनं गावठाण कुठे होतं ते कळतं. नाव मिळालंच नाही तर गाव शेजारच्या शिवारात मिसळलेलं असू शकतं. खुर्द-बुद्रुकची अदलाबदल तर नेहमीची.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवावं. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हा भाग 1949 पर्यंत साताऱ्यात होता. मग दक्षिण सातारा झाला आणि 1960 मध्ये सांगली. त्यामुळे या गावांसाठी 1885 चं सातारा गॅझेटियर उघडायचं. मिरज, सांगली, जत ही संस्थानं, त्यांची दफ्तरं वेगळी.

गाव कधी उठलं हे सर्वांत नेमकं सांगते ती जुनी जन्म-मृत्यू नोंद, म्हणजे गाव नमुना 14 किंवा कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. जुनी पानं मोडी लिपीत असतात, वाचणारा सोबत न्या. दरवर्षीचे जन्म आणि मृत्यू वेगळे मोजून तक्ता करा. 1876-78 चा दुष्काळ, 1896 नंतरचा प्लेग, 1918 चा इन्फ्लुएंझा यांच्याशी ताडून बघा. एका वर्षी मृत्यू वाढले आणि पुढे जन्म पूर्ववत सुरू राहिले, तर गाव प्लेगाने उठलेलं नाही. साथीत लोक माळावर झोपड्या टाकत आणि साथ ओसरली की परतत. नोंदी वीसेक वर्षांत हळूहळू आटल्या असतील तर पाणी, रस्ता, बाजार यांत कारण शोधा.

त्याआधीच्या काळासाठी पुण्याचं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवेकालीन कागदांचा संग्रह. इथे चूक होते ती सनांत. इसवी सन काढायला शकात 78, दख्खनी फसलीत (महसुली सनात) 590 आणि सुहूर सनात 599 मिळवा. त्या सनातली तारीख 1 जानेवारीनंतरची असेल तर आणखी एक. सुहूर सन अक्षरी, अरबी शब्दांत येतो: "सल्लास सबैन अलफ" म्हणजे 1073, इसवी 1672-73. फसली आणि सुहूर वर्ष मृग नक्षत्राला (जूनच्या सुरुवातीला) बदलतं, जानेवारीला नाही.

जागेवर जायचं ते गवत वाळल्यावर. पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची माती, ओळखता आली पाहिजे: राखाडी, भुसभुशीत, शिवारापेक्षा थोडी उंच, खापरं आणि बांगड्यांचे तुकडे मिसळलेली. लोकांनी ती माती गाड्या भरून नेलेली असते. कापलेल्या कडेला राखेचे थर दिसले तर मोजपट्टी लावून फोटो घ्या, पण खणू नका. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा. खाली गुरं कोरलेली असतील तर तो वीर बहुधा गोधन राखताना पडलेला. शेंदराखालचा लेख खरवडू नका. तिरप्या उन्हात तो फोटोत उमटतो. कोयना, धोमसारख्या धरणांत बुडालेल्या गावांसाठी मे महिना बरा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते.

माणसांना "गाव का उठलं" असं विचारू नका. "जत्रेला कुठं जाता? पालखी कुठं थांबते?" असं विचारा. उठलेली घरं ग्रामदैवत सहसा सोडत नाहीत, त्यामुळे कोणती आडनावं कुठे पांगली ते यातूनच कळतं.

पांढरीत चांदीचे रुपये निघाले तर खिशात घालू नका. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.