एरियात बाग हवीये? आधी जागेचा सर्व्हे नंबर काढा

"आमच्याकडे एक तरी गार्डन करा हो" असं निवेदन घेऊन नगरसेवकाकडे जाणारे लोक ढिगाने असतात. निवेदन घेतलं जातं, फोटो निघतो, फोटो ग्रुपवर पडतो आणि तिथेच विषय संपतो. कारण महापालिकेच्या फायलीत "आमचा एरिया" नावाची गोष्टच नसते, तिथे सर्व्हे नंबर असतो आणि बजेट हेड, म्हणजे अंदाजपत्रकात ज्या नावाखाली पैसे पडतात ते, असतो. हे दोन हातात असतील तरच समोरचा माणूस फाईल उघडतो. मी पुण्याचं सांगतोय, बाकी शहरांत खात्यांची नावं थोडी बदलतील पण गाडी साधारण याच रुळावरून जाते.

तर पहिलं काम जागेचं. रिकामी दिसते म्हणजे पालिकेची, असं अजिबात नसतं. मोकळ्या जागा साधारण तीन तऱ्हेच्या असतात. एक, विकास आराखड्यात म्हणजे डीपीत उद्यान किंवा क्रीडांगण म्हणून आरक्षण पडलेली, पण मालकी अजून खाजगी असू शकते. दुसरी, अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे मोठा प्लॉट डेव्हलप करताना बिल्डरने पालिकेला द्यायची जागा. तिसरी, लेआउटमधली १० टक्के ओपन स्पेस, ही तिथल्या प्लॉटवाल्यांची किंवा सोसायट्यांची असते, तिथे पालिकेने झोपाळे लावावेत म्हणून कितीही अर्ज केलेत तरी "खाजगी जागेवर खर्च करता येत नाही" हेच उत्तर येणार, आणि त्यांचं ते बरोबरच आहे. म्हणून झोन दाखला काढा, म्हणजे डीपीत त्या जागेवर काय दाखवलंय ते कळेल, सातबारा महाभूलेखवर बघा, सिटी सर्व्हे झालेला असेल तर प्रॉपर्टी कार्ड काढा. मालकाच्या जागी पालिकेचं नाव दिसलं की अर्धं काम झालं समजा.

आरक्षण आहे पण जागा ताब्यात नाही अशी केस असेल तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्राचा नगररचना कायदा १९६६ चा, त्याच्या कलम १२७ प्रमाणे डीपी लागू झाल्यावर १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक पालिकेला "जागा विकत घ्या" अशी नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पालिकेने भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा डीपी २०१७ ला मंजूर झालाय, म्हणजे २०२७ ला ही १० वर्षं भरतात. डीपीच्या नकाशात तुमच्या भागातल्या हिरव्या ठिपक्याचं काय चाललंय हे आत्ताच विचारा, नंतर तिथे बिल्डिंगचा बोर्ड लागल्यावर मोर्चा काढून उपयोग नसतो. अ‍ॅमेनिटी स्पेसवरही डोळा ठेवा, २०२१ ला पुण्यात या जागा भाड्याने द्यायचा प्रस्ताव आला होता आणि नागरिकांनी बराच विरोध केला होता, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या गल्लीच्या टोकाला अशी एक जागा आहे.

आता जागा सापडली. लगेच "ओपन जिम पाहिजे" लिहून मोकळे होऊ नका. हे माझं ठाम मत आहे, निम्म्या ओपन जिम कोणीतरी सुचवल्या म्हणून लागतात आणि वर्षभरात त्यांचे बेअरिंग जाऊन त्यावर टॉवेल वाळत पडतात. त्यापेक्षा एक वही घ्या आणि जवळच्या, आत्ता चालू असलेल्या बागेत वेगवेगळ्या वेळी जाऊन नुसतं लिहा. साधारण असं काहीतरी दिसेल: सकाळी साडेसहाला चालणारे, बरेचसे पन्नाशीच्या पुढचे, बाक कमी म्हणून कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकलेले. दुपारी अडीचला घरकामाला येणाऱ्या बायका दोन कामांच्या मधे डबा खायला सावली शोधतायत आणि गेटला कुलूप, कारण बाग दुपारी बंद. संध्याकाळी साडेपाचला घसरगुंडीशी रांग, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांना खेळायला काहीच नाही म्हणून ती ट्रॅकवर बॉल मारतायत आणि आजोबा ओरडतायत. आठला पोरी दिसत नाहीत, कारण मागच्या बाजूचे दोन दिवे बंद. ही वही म्हणजे तुमचा प्रस्ताव. दुपारच्या त्या बायकांना कुठल्याच मीटिंगला कोणी बोलवत नाही, आणि त्यांना पाहिजे ते फारसं महागही नसतं, उघडं गेट, सावली, नळ आणि स्वच्छ टॉयलेट.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन गाइडलाइन्समध्ये ५ हजार लोकवस्तीमागे अर्ध्या हेक्टरची बाग आणि १५ हजारांमागे एक हेक्टरची बाग असं माप दिलंय. जुन्या पेठांमध्ये हे जमणं अवघडच, पण अर्जात आपल्या भागाची लोकसंख्या आणि हे माप शेजारी शेजारी लिहिलं की अर्ज वजनदार होतो.

पैशांचं बघू. पुणे पालिकेत २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास क्षेत्रीय कार्यालयात आणि ऑनलाइन घेतात, त्यात एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा राहिलीये. ५ लाखांत बाग उभी राहत नाही, पण बाक, दिवे, ट्रॅकचा तुकडा, पाण्याची सोय असं काम बसतं. म्हणून मोठं स्वप्न एका फॉर्मवर लिहू नका, तुकडे करा, आणि प्रत्येक फॉर्मवर सर्व्हे नंबर, जागेचा फोटो, नेमकं काम लिहा. "परिसर सुशोभीकरण" असं लिहिलंत तर मग कमानच होणार, सांगून ठेवतो. मोठ्या कामासाठी नगरसेवकाच्या "स" यादीत, म्हणजे त्याने प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या बजेट यादीत, नाव जायला पाहिजे किंवा उद्यान विभागाच्या स्वतःच्या तरतुदीत. २०२२ नंतर बराच काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सगळं बघत होते, तेव्हा ज्यांच्याकडे कागद पक्के होते त्यांना निदान साहेबांसमोर ठेवायला काहीतरी होतं.

पाठपुरावा हा खरा कंटाळवाणा भाग. उद्यान विभाग झाडं आणि लॉन बघतो, दिवे विद्युत विभागाकडे, भिंत-टॉयलेट वगैरे बांधकाम भवन विभागाकडे, पाणी आणखी चौथीकडे. म्हणून एका बागेचा अर्ज असला तरी प्रत्येक खात्याला वेगळी प्रत द्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या, नाहीतर "ते आमच्याकडे येत नाही" हे वाक्य ऐकत फिरावं लागतं. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ पालिकेत फाईल बघायला मिळायची, ती सोय अजून चालू आहे का ते विचारा, असेल तर आधी तेच करा, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज झालाय का, टेंडर निघालंय का, वर्क ऑर्डर कोणाच्या नावाने आहे ते वाचा. मिळालं नाही तर माहिती अधिकार, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील. प्रश्न विचारताना "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, "अमुक कामाच्या टेंडरची प्रत द्या" असं मागा.

डिझाइनवर एकच गोष्ट नीट बघा, ट्रॅकच्या रेषेत झाड येतंय का. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे पालिका हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ट्रॅक झाडाला वळसा घालून गेला तर चालणाऱ्यालाही सावली मिळते. बुंध्याभोवती काँक्रीटचं आळं घट्ट आवळून घालत असतील तर काम चालू असतानाच थांबवा, फ्लेक्स लागल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि बाग झाली तरी तिथे काय चालणार हे ठरवावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात. सारसबागेत दिवाळी पहाट होते, कित्येक बागांत सकाळी हास्यक्लब असतो, तो कुठल्या सरकारी योजनेत बसून सुरू झाला नाही, लोकांनी परवानगी मागितली आणि रोज आले. मुलांचं उन्हाळी शिबिर, योग, वाचनाचा कट्टा काहीही करायचं असेल तर उद्यान विभागाला लेखी अर्ज द्या, त्यात वेळ, किती माणसं, माइक आहे की नाही, कचरा कोण उचलणार हे स्पष्ट लिहा. मे महिन्याच्या शिबिरासाठी फेब्रुवारीतच अर्ज टाका, मार्च म्हटलं की सगळं ऑफिस बिलांत बुडालेलं असतं. त्याच अर्जात दुपारचं गेट उघडं ठेवायची मागणीही घाला, रखवालदाराची दुसरी पाळी कोणत्या टेंडरमध्ये आहे ते बागेच्या फाईलमध्ये सापडेल.